अण्णांचा बेलभंडार, आईचा पास

माझे वडील सुंदरराव, म्हणजे अख्ख्या आष्टी तालुक्याचे अण्णा, आयुष्यात कधी रेल्वेत बसले नव्हते. याला कारण भीती नव्हती आणि गरिबी तर नव्हतीच. शेत होतं, बैठकीला कायम माणसं होती, दोनदा सरपंचकी भोगून झाली होती. कारण होतं बेलभंडार.

मी तिसरीत असताना आमच्याकडे रेल्वेसाठी मोठं आंदोलन झालं. रेल रोको करावा तर रूळच नव्हते, म्हणून मंडळींनी रस्ता अडवला. त्या दिवशी गावच्या खंडोबासमोर अण्णांनी ओंजळीत बेलाची पानं आणि भंडारा घेतला आणि सगळ्या गावादेखत शपथ वाहिली, "बीडला रेल्वे आल्याबिगर मी रेल्वेत पाय ठिवणार न्हाई!" लोकांनी येळकोट केला. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी आमच्या रेल्वेची गत. सरकारं आली आणि गेली, मोजणीवाले आले आणि आमच्याकडे जेवून गेले. मी शिकले, लग्न करून नवऱ्याबरोबर स्वित्झर्लंडला गेले, तरी गाडी काही बीडला पोहोचली नाही.

मधे ती आष्टीपर्यंत मात्र आली. अण्णा इंजिनाला हार घालताहेत असा फोटो माझा भाऊ हनुमान यानं पाठवला. मला वाटलं, सुटले बाबा शपथेतून. पुढचा सगळा घोळ त्या फोटोनं केला.

आई-अण्णा माझ्याकडे येणार हे ठरल्यावर मी कितीतरी आधी त्यांचे पास काढून ठेवले. तो देश महाग. बाहेर चहा पितानासुद्धा जीव कळवळतो. पण पास आधी काढला तर बराच स्वस्त पडतो आणि तो एकदा हातात असला की आगगाडी, बस, तळ्यातली बोट, कशातही बसा. जागा धरायला नको, रांगेत उभं राहायला नको. डोंगरातून पायी हिंडणाऱ्यांची तर त्यानं फार सोय होते. एका खोऱ्यात उतरून चालायला लागायचं, दुसऱ्या खोऱ्यात निघायचं आणि येईल ती गाडी धरून मुक्कामी परतायचं. दशम्या घरून न्यायच्या, खोली खालच्या गावात साधी बघायची. अशी आल्प्समधली पायी सहल मी मोठ्या हौसेनं बसवली होती.

फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "कावून चालायचं पण? कुणाचं ढोर हरवलंय का?"

"नाही गं. मजा म्हणून."

"विमानाचे पैशे भरून चालायला यायचं?" तिला खरोखर धक्का बसला होता. अण्णांनी मागून विचारलं, "पोरगी बरी हाय ना?"

झुरिकच्या विमानतळाखालीच स्टेशन आहे. सरकत्या जिन्यानं खाली आलो, गाडी समोर उभी होती. मी बॅगा आत टाकणार, तेवढ्यात अण्णा थांबले.

"ही रेल्वे हाय."

"हो अण्णा. चढा, सुटेल."

"मी न्हाई बसत."

मला आधी वाटलं, विमानात पाय आखडले असतील. मग त्यांचं तोंड बघितलं आणि मला दरदरून घाम फुटला. "अहो, आष्टीला आली की रेल्वे! तुम्हीच हार घातलात ना?"

"बेलभंडार बीडचा हाय, आष्टीचा न्हाई. हार घातला, बसलो कुठं?"

मी दाताच्या कण्या केल्या. हा देश वेगळा, इथली रेल्वे वेगळी, इथं खंडोबा बघायला येणार आहे का, असं सगळं बोलून बसले. अण्णा शांतपणे म्हणाले, "खंडोबाला पासपोर्ट लागत न्हाई." गाडी आमच्यासमोरून निघून गेली. मला इतका संताप आला की रडू फुटलं. माझी आई, छबुबाई, बॅगांशेजारी उभी राहून शेवटचा डबा बोगद्यात दिसेनासा होईपर्यंत बघत होती. माझा नवरा सोमेश्वर मित्राची मोटार मागून घेऊन आला आणि आम्हाला घरी घेऊन गेला.

आता सहलीचं काय? दोन दिवस माझं डोकं चालेना. मग लक्षात आलं, की शपथ रेल्वेची आहे, बस आणि बोटीचं कुणी काही बोललेलं नाही. अण्णांना विचारलं. ते विचार करून म्हणाले, "होडीची भानगड न्हाई बेलभंडारात." सोमेश्वरला कामावर जायचं होतं, म्हणून आम्ही तिघंच पिवळ्या बसनं निघालो. अण्णा बसमध्ये ऐटीत बसत. गाडीची वेळ मिनिटाला पाळली गेली की म्हणत, "लई शिस्त हाय बुवा," आणि जणू हे सगळं त्यांनीच मंजूर करून आणलंय अशा थाटात बाहेर बघत. बस आम्हाला दुप्पट वेळात फिरवून नेई. डोंगराच्या कडेनं लाल गाडी सरसर वर चढताना दिसली की आई मान वळवून बघत राही. तिचा पास तिनं स्वतःच्या बटव्यात ठेवला होता. "माझं नाव लिवलंय का यावर?" असं तिनं पहिल्याच दिवशी मला विचारून घेतलं होतं.

मग आम्ही एका खोऱ्यात गेलो. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यावरून कोसळणारं पाणी, आणि कड्याच्या वर एक गाव. त्या गावातून बर्फाचा डोंगर अगदी समोर दिसतो. मात्र तिथं मोटाररस्ताच नाही. वर जायला एक रेल्वे, नाहीतर जंगलातून उभी पायवाट.

आईचा गुडघा त्या चढाचा नव्हता. मी तोडगा काढला. "अण्णा, तुम्ही पायी वर जाऊन या. मी आणि आई खाली धबधब्यापाशी बसतो." मी हे इतक्या सहज बोलले, की त्यात काही वावगं आहे हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. आमच्या घरात असंच होतं. गल्लीतल्या बायका रेल्वेनं काशीला निघाल्या तेव्हाही असंच झालं होतं. मंजुळाबाई बोलवायला आल्या, आणि ओसरीवरून कुणीतरी म्हणालं, "अण्णांचा बेलभंडार हाय ना, वैनी कशा येतील?" मंजुळाबाईंनी येताना गंगेचं पाणी आणलं. ते आईनं देवघरात ठेवलं आणि ती भाकरी थापायला बसली.

त्या दिवशी मात्र आईनं बटवा उघडला. पास काढला, त्याची घडी उलगडली आणि ती फलाटावर उभ्या असलेल्या गाडीकडे चालू लागली. मला वाटलं, जवळून बघायची असेल. ती दाराशी गेली, दांडा धरला आणि चढली.

अण्णा ओरडले, "अगं ए! बेलभंडार हाय!"

आई दारातच वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "बेलभंडार तुमी उचललाय. मी हनुमानला कडेवर घिऊन मागं हुबी होते. मला कुणी इचारलं?"

दार आपोआप मिटलं. गाडी हलली.

मी आ वासून उभी राहिले. माझी आई, जिला मराठीखेरीज अक्षर येत नाही, जिच्याकडे स्वतःचा फोन नाही, जी आष्टीच्या बाजारातसुद्धा कुणाला तरी बरोबर घेऊन जाते, ती एकटी आल्प्स चढत होती. पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. शपथ घेतली तेव्हा मी तिथंच होते. अण्णांचे हात मला आठवत होते, तो पिवळा भंडारा आठवत होता. आई कुठं उभी होती हे मला अजिबात आठवत नव्हतं.

"पुढची गाडी अर्ध्या तासानं आहे, अण्णा. मी जाते. तुम्ही इथंच थांबा." मी वळून बघते तो अण्णा नव्हते. धोतराचा सोगा खोचून ते पायवाटेला लागले होते, आणि चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. त्यांच्या वयाच्या माणसानं असं पळू नये. मी हाका मारल्या, त्यांनी मागं बघितलं नाही. मी पुढच्या गाडीत बसले आणि सगळा वेळ खिडकीतून झाडांमध्ये त्यांची टोपी शोधत राहिले.

वरच्या स्टेशनात उतरले तर आई बाकावर बसलेली. चपला काढून ठेवलेल्या, मांडीवर दशम्यांचं फडकं. शेजारी एक गोरी म्हातारी शेंगदाण्याच्या चटणीनं नाकडोळे पुसत होती आणि पुन्हा बोट लावून चाखत होती. समोर बर्फाचा डोंगर.

"आई!" मी तिला मिठीच मारली. "जीव गेला माझा!"

"कावून? पास हाय की." ती म्हणाली. "तपासणारा आला, त्यानं बघितला, मी नमस्कार केला, त्यानंबी केला. लई हालत न्हाई गं गाडी."

अण्णा आले तेव्हा त्यांचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता. मला वाटलं, आता इथं तमाशा होणार. ते आईसमोर उभे राहिले. आईनं सरकून जागा केली आणि पाण्याची बाटली पुढं धरली. ते बसले, प्यायले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी काही बोललं न्हाई ना तुला?"

"काय बोलंल? माझं नाव हाय त्याच्यावर."

उतरताना आई गाडीनं आली, अण्णा पायी. पुढचे सगळे दिवस तसेच गेले. जो आधी पोहोचेल त्यानं दुसऱ्याची वाट बघायची, आणि प्रत्येक वेळी आईच बाकावर बसलेली असायची. पासाचं तिनं सोनं केलं. "पैशे भरलेत ना? मग बसायचं," म्हणून ती एकाच डोंगरावर दोनदा गेली. अण्णांचा पास बिचारा बसपुरताच उरला. एका संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिला काशीला जायचं होतं का गं तवा?"

"मला काय विचारता? तिला विचारा." मी जरा फटकारलंच.

त्यांनी तिला विचारलं नाही. त्यांनी जन्मात कधी कुणाला असं विचारलेलं नाही, विशेषतः घरात.

ते परत गेले आणि पावसाळा सरता सरता बीडला एकदाची रेल्वे आली. अण्णांना आमंत्रण आलं. आदल्या दिवशीच ते आईला घेऊन एसटीनं बीडला गेले. खरं तर आता गाडी आष्टीवरूनच जाणार होती, पण शपथ ती शपथ. हनुमाननं मला फलाटावरून व्हिडिओ लावला. अण्णा फेट्यात, गळ्यात हार, कपाळाला भंडारा. जुन्या आंदोलनातली मंडळी रडत होती, मीही इकडे रडत होते. "अण्णा, चढा! आधी तुमी!" असा एकच गिल्ला झाला.

अण्णांनी दांडा धरला. पाय काही उचलेना. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. कुणी येळकोट केला. अण्णांनी दांडा सोडला, ते एक पाऊल मागं आले आणि बायकांच्या घोळक्यात बघू लागले. त्यांनी आजवर आईला चारचौघांत कधी नावानं हाक मारलेली नाही. ते "अगं ए" म्हणत, नाहीतर माझ्या नावावरून "मोहिनीची आई".

"छबू," त्यांनी हाक मारली. "तू चढ आधी. मला येत न्हाई."