वळणावरचं खाकरणं

खाकरमामांना खोकला कधीच नव्हता. तरी जंगलातल्या प्रत्येक वळणावर ते थांबायचे, मोठ्यानं खाकरायचे आणि मगच पाऊल पुढे टाकायचे. ज्ञानगंगेच्या जंगलातले ते जुने वनमजूर. खरं नाव हजेरीपटावर, बाकी सगळ्यांच्या तोंडी खाकरमामाच.

मी तिथली वनरक्षक; प्राणीगणतीला त्यांना माझ्यासोबत दिलं होतं. सकाळी ठरलेल्या वाटेवरून गुपचूप चालायचं, नीलगाय, अस्वल, जे दिसेल ते कागदावर उतरवायचं. या नोंदींवरून पाणवठे कुठे करायचे ते ठरणार होतं. आणि हे गृहस्थ दर वळणाला जनावरांना वर्दी देणार!

"मामा, खाकरू नका ना. सगळी पळतात."

"पयतात म्हनूनच त खाकरतो, बाई. अस्वलाले अचानक मानूस दिसला का ते अंगावरच येते."

दोन दिवस लेंड्यांपलीकडे कागदावर काही चढेना. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला. "आज तोंडातून आवाज काढायचा नाही," मी बजावलं. मामा माझ्या पुढे येऊन उभे राहिले. रोज मी पुढे चालायचे.

"बरं. मंग आज तुमी मांगं राहा."

पहिली दोन वळणं गेली. तिसऱ्यापाशी मामांचा हात सवयीनं गळ्याशी गेला आणि खाली आला. पुढे नाल्याकाठी वारूळ उकरलेलं होतं, माती अजून ओली. मामांनी मागे न बघता मला थांबायची खूण केली, तेवढ्यात झुडूप फाटल्यासारखं झालं. काळं काहीतरी उभं राहून त्यांच्या अंगावर आलं.

"झाडाआड व्हा, बाई!"

मी किंचाळले, शिटी फुंकली, हाताला लागेल तो दगड फेकला. अखेर अस्वल नाल्यात उतरून गेलं.

मामांचा डावा डोळा वाचला नाही. बुलढाण्याच्या दवाखान्यात मी खाटेशी बसून रडत होते. माफी मागायलाही तोंड नव्हतं. मामांनीच विचारलं,

"अस्वल लिवलं का?"

"हो."

"किती?"

"एक."

"दोन लिवा. मांगं झुडपात पिल्लू होतं. तिचं काई चुकलं नाही, बाई."

माझं चुकलं होतं. ते मात्र त्यांनी कधीच म्हटलं नाही.

मामा आता जंगलात येत नाहीत. गणतीला मी अजून जाते, दर वळणावर थांबते आणि मोठ्यानं खाकरते. माझ्या वाटेवर जनावरं कमी दिसतात, अशी वरच्यांची तक्रार आहे. असू दे.