पैकीच्या पैकी

माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याचा मला नको इतका गर्व होता. शहापूर तालुक्यात एका छोट्या संस्थेचं काम करायचे, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाया मुद्दाम माझं रजिस्टर बघायला यायच्या. काम असं, की ज्या गरोदर बाईला एचआयव्ही निघाला तिच्या मागे राहायचं. ती रोज गोळी घेते का, बाळाला जन्मापासून औषध पाजलं का, दीड महिन्याला त्याच्या टाचेतून रक्त घेतलं का, आणि ते दीड वर्षाचं झालं की शेवटची तपासणी. एवढं नीट झालं तर आईचा आजार बाळाला सहसा जात नाही. प्रत्येक गोष्टीला एक रकाना होता. सगळे रकाने भरले की मला जेवल्यासारखं वाटायचं.

सापगावकडची एक पहिलटकरीण माझ्याकडे होती. भातशेतीवाल्या घरातली सून, नवरा भिवंडीला गोदामात. आजार दोघांनाही होता आणि घरात तो दोघांनाच माहीत होता. गोळ्या ती तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवायची. सासूच्या लेखी मी रक्तवाढीच्या गोळ्या देणारी ताई होते, आणि सासू मला दर खेपेला चहा पाजायची.

सातव्या महिन्यात ओटी भरली आणि तिची आई तिला माहेरी, वैशाखऱ्याला, न्यायला आली. वैशाखरे म्हणजे मुरबाड तालुका. नियमाप्रमाणे मी मुरबाडच्या कार्यकर्तीला चिठ्ठी द्यायला हवी होती. चिठ्ठीचं नाव काढताच पोरगी रडायलाच लागली.

"ताई, तितं घरोघर फिरनारी बाय माझी चुलत भावजय हाय. तिला कळलं का गावभर झालं. चिठ्ठी नको."

"रडू नको गो. नाही देत," मी म्हटलं.

मग आम्ही दोघींनी आमचाच बेत केला. देता येतील तेवढ्या गोळ्या मी तिला मिळवून दिल्या. बाळाच्या औषधाची बाटली दुपट्यात गुंडाळून दिली. बाळ दीड महिन्याचं झालं की त्या गुरुवारी लस असते. लसीच्या निमित्ताने तिला घराबाहेर पडता येईल. मी वैशाखऱ्याच्या एसटी थांब्यावर थांबेन, तिथून बाळाला तपासणीला नेऊ, आणि तिच्या पुढच्या गोळ्याही मीच आणेन. कारण तोवर तिच्याजवळच्या संपणार होत्या. अंगावर पाजणाऱ्या आईची गोळी थांबली तर दुधातून आजार बाळात जाऊ शकतो, हे मी तिला तीनदा समजावलं. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, भावाच्या फोनवर माझा नंबर नको होता.

"तुमी याल ना?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? येणारच."

महिनाअखेरीला अहवाल आला. तिच्या नावापुढे मी शेरा लिहिला, 'बाळंतपणासाठी माहेरी.' आमचे साहेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाहेर गेलेल्या बाया एकूण आकड्यातून वजा करा. सापडत नाही ती बाई धरली की टक्का उगाच खाली येतो." मी पट्टी घेतली आणि लाल पेनाने तिच्या नावावर रेघ मारली. सुरेख सरळ रेघ आली. दर महिन्याला नावं नव्या पानावर उतरवायची आणि त्या पानावरून गावं ठरवून फिरायचं, ही आमची कामाची रीत. रेघ मारलेलं नाव पुढच्या पानावर येत नाही.

तिला मुलगी झाली हे तिच्या नवऱ्याने मला सांगितलं. पेढा दिला. मी तिथल्या तिथे बोटांवर आठवडे मोजले आणि गुरुवार कुठला ते त्यालाही सांगितलं. "ताई हाय ना, मंग मला काळजी नाय," असं म्हणून तो भिवंडीला गेला.

तो गुरुवार आला आणि गेला. मी आजारी नव्हते, गाडी चुकली नव्हती, घरी कुणाचं काही झालं नव्हतं. मी विसरले. दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला, मिळाला नाही. पानावर नाव नव्हतं, तर माझ्या डोक्यातही उरलं नाही.

त्या वर्षी आमच्या केंद्राला पैकीच्या पैकी मिळाले. जितकी बाळं धरली तितकी सगळी निरोगी. कार्यक्रम झाला, शाल-नारळ झाला. माझा फोटो आईने शोकेसमध्ये लावला आणि येईल त्याला दाखवला.

बाळाच्या पाचव्या महिन्यात पोरगी रीतीप्रमाणे सासरी परतली. बाळाचा ताप हटत नव्हता. तपासणी केली, आजार बाळात आला होता. औषधं लगेच सुरू झाली, पण छाती भरली आणि ती चिमणी उभी राहायला शिकायच्या आत गेली. मी साहेबांना म्हटलं, हे बाळ आपल्या रजिस्टरात लिहू या. त्यांनी बराच वेळ पानं चाळली. बाळंतपण मुरबाडकडचं, आपल्याकडे नोंदच नाही, म्हणाले. मुरबाडकडे तरी कुठून असणार? चिठ्ठी मी दिलीच नव्हती. आमचा आकडा होता तसाच राहिला. घरी येऊन मी तो फोटो काढून ट्रंकेत टाकला. मला स्वतःची किळस आली होती.

दिवस झाल्यावर मी तिच्याकडे गेले. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सासू चहा ठेवायला आत गेली. मी म्हटलं, "त्या गुरुवारी मी..."

तिने सुपातून मान वर केली नाही.

"आली व्हती मी," ती हळू म्हणाली. "शेवटच्या गाडीपरत बसली. मंग वाटलं, तुमचा वार चुकला आसंल. म्हून आयला खोटं सांगितलं, लस सपली व्हती, परत बोलवलंय. दुसऱ्या गुरवारी पन आली."

खडा काढून तिने अंगणात टाकला.

"तिसऱ्या पन आली. गोळ्या सपल्या व्हत्या ना, ताई."