सखूआत्याचं लवंडर

आत्या गेल्याची तार बडोद्याला आली तेव्हा मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करत होते. दहाव्याला भिंगारला पोचले, तर जो तो एकच सांगत होता, "सखूबाई शांत गेली. झोपेतच. उशाला लवंडर हुतं." ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. डोक्यातली शीर फुटून गेलेलं माणूस शांत जातं काय? रक्तदाब फार वाढलेला असणार, असं डॉक्टर म्हणाले... पण ते ती गेल्यावर.

सखूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांकडे धुण्या-इस्त्रीला होती. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बाई लव्हेंडरच्या कुंड्या तिला देऊन गेल्या. आत्या त्याला लवंडर म्हणायची. सातवीत शाळा सोडून मी जामखेडहून तिच्याकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात तिचा शब्द सुधारायला गेले. ती म्हणाली, "वास घेतला की मानूस लवंडतंय का न्हाई? मंग माझंच नाव बरोबर हाय."

त्या जांभळ्या तुऱ्यांवर सगळ्या आळीचा जीव. वाळवून पुरचुंडी केली आणि ट्रंकेत टाकली की लुगड्यांना कसर लागत नसे. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात चार तुरे, डासांना काड्यांची धुरी, तिळाच्या तेलात मुरवलेलं कानशिलांना. दुष्काळात नळ कोरडे पडले तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणीही ती कुंड्यांसाठी राखायची. तापानं फणफणलेलं पोर घेऊन शेजारीण आली तर मात्र खेकसायची, "लवंडर काय ताप उतरवतंय व्हय? दवाखान्यात ने आधी." दुसऱ्यांसाठी एवढी अक्कल होती. स्वतःचं डोकं ठणकलं की तेल चोळायचं, तोंडावर पदर घ्यायचा, झालं.

गेल्या संक्रांतीला रजा काढून आले होते. हट्टानं तिला दवाखान्यात नेलं. निघताना तिनं कानशिलं तेलानं चोपडून घेतली. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"आता काय बी न्हाई. डोकं चढलं हुतं, उतरलं."

मी म्हटलं, "साहेब, रोज दुखतं. दंडाला पट्टा बांधून बघा ना."

"दुखत नाही म्हणतात त्या. तू डॉक्टर का?" ते म्हणाले, आणि वर, "वास छान आहे हो, बाई." पुढचा पेशंट आत आला. वाटेत आत्या खुशीत होती. "बग, डागदरसुदिक भाळला." मी तिला मागे टाकून झपाझपा पुढे निघाले.

त्या डॉक्टरांचा मला राग आहे. त्या झाडाचाही आहे. दुखणं बरं न करता नुसतं गप्प बसवणारा तो वास. पण सगळ्यात जास्त राग आत्याचा. शाळा सुटलेल्या पोरीला जिनं "हात हायेत ना? मंग रडती कशाला" म्हणून इस्त्री धरायला शिकवली, जिच्या जिवावर मी या परमुलखात दोन घास खाते, तिनं तिच्यासाठी मला एवढंही करू दिलं नाही. ज्याच्या उपकारांनी मन भरलेलं आहे त्याच्यावर चिडायचं तरी कसं... पण चिडले आहे.

आता दर महिन्याला मी आमच्याच इस्पितळातल्या नर्सबाईंपुढे दंड उघडा करून बसते. त्या वैतागतात. "तुला होतंय तरी काय?"

"काही नाही," मी म्हणते. "तरी मोजा."