दिवसाला चारशे बारा वेळा धुतलेले हात

मोजणीबाईंना विद्यापीठात बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत त्या एकदाही कायम झाल्या नव्हत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांची नोकरी संपायची, एक दिवस त्या घरी बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी नव्या माणसासारख्या रुजू व्हायच्या. त्यामुळे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कागदांवर त्यांचा अनुभव अकरा महिन्यांच्या पुढे कधी गेलाच नाही. विभागातल्या सगळ्या पदव्या एका पारड्यात घातल्या असत्या आणि बाईंच्या झिजलेल्या चपला दुसऱ्या पारड्यात, तर कुठलं पारडं खाली गेलं असतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

काम साधं होतं. टेकडीखालच्या वस्तीत घरोघर जायचं, गेल्या पंधरा दिवसांत कोणाला जुलाब झाले ते विचारायचं, पाणी कुठून भरता ते लिहायचं आणि लहान मुलांना काट्याला टांगून वजन घ्यायचं. या काट्यामुळेच वस्तीने त्यांना मोजणीबाई केलं होतं. विभागातही तेच नाव चिकटलं, कारण खरं नाव लक्षात ठेवण्याइतक्या कायम त्या कुणालाच वाटत नव्हत्या.

पण कामात बाई पोचलेल्या होत्या. ‘साबणाने हात धुता का?’ असं फॉर्मवर छापलेलं होतं, आणि या प्रश्नाला जगातलं कुठलंही घर ‘हो’च म्हणतं. बाई तो प्रश्न विचारायच्याच नाहीत. ‘जरा हात धुवायचेत गं,’ म्हणायच्या आणि साबण यायला किती वेळ लागतो ते बघायच्या. लगेच आला तर वापरात आहे. कपाटातून वेष्टनासकट आला तर पाहुण्यांसाठी आहे. शेजारणीकडून आला तर पुढचं विचारायची गरज नाही. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती, आणि पुस्तकात नाही म्हणून विभागात तिला किंमत नव्हती.

वस्तीची मागची गल्ली हे बाईंचं जुनं दुखणं. तिथे अकरा घरं. नळाचा पाइप गटारातूनच गेलेला, आणि सांध्याला फडकं गुंडाळलेलं. शेवटच्या घरात इस्त्रीवाली राहायची. तिची चार वर्षांची मुलगी बाईंनी जन्मल्यापासून काट्याला टांगलेली. पोरीचं वजन अर्धा किलो चढायचं आणि एका जुलाबात तेवढंच उतरायचं. तीनदा तिला सलाइन लागलं होतं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी इस्त्रीवालीला सांगितलं होतं, की आता पुन्हा एवढा उशीर केलात तर काही सांगता येणार नाही. उशीर कसला, वस्तीत रिक्षासुद्धा येत नव्हती. बाई दर फॉर्मच्या तळाला ‘पाइप गटारातून गेला आहे, गळतो’ असं लिहायच्या. फॉर्म संगणकात चढवताना तळाचं लिखाण भरायला जागाच नव्हती, म्हणून ते सुटायचं. बावीस वर्षं नेमाने सुटत होतं.

अशात विभागाला नावीन्याचा झटका आला. सार्वजनिक आरोग्य विभाग हे नाव जाऊन ‘आरोग्य नवकल्पना केंद्र’ झालं. पहिल्यांदा पाटी बदलली, मग खुर्च्या बदलल्या. जिथे फायलींची कपाटं होती तिथे काचेची खोली झाली. काचेवर लोक रंगीत चिठ्ठ्या चिकटवू लागले आणि चिठ्ठ्या चिकटवण्याला संशोधन म्हणू लागले. विभागप्रमुख सर वाईट माणूस नव्हते. तरुणपणी तेही वस्तीत हिंडले होते, असं जुने लोक सांगायचे. पण माणूस एकदा भाषणाला चढला की त्याला जमीन दिसेनाशी होते, आणि सरांना चढून नऊ वर्षं झाली होती.

केंद्राची पहिली नवकल्पना म्हणजे साबणदाणी. भिंतीवर लावायची, खाली हात धरला की इलेक्ट्रॉनिक डोळा तो ओळखणार, पातळ साबणाचा एक थेंब पडणार आणि एक आकडा विद्यापीठात पोचणार. काचेच्या खोलीत मोठा पडदा लावला होता. वस्तीतल्या साठ घरांपैकी कुठे, कधी, किती वेळा हात धुतले ते सर चहा पिता पिता बघू शकायचे. बाईंनी एक बिघडलेली साबणदाणी घरी नेऊन नवऱ्याला दाखवली. तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने ती उघडली, डोळ्याला भिंग लावून पाहिली आणि म्हणाला, की याला हात आणि पोळपाट यातला फरक कळत नाही, समोर काही आलं की हा मोजतो. बाईंनी हे दुसऱ्या दिवशी सरांच्या कानावर घातलं. सरांनी त्यांचे आभार मानले आणि विषय बदलला.

दोन महिन्यांत आकडे गगनाला भिडले. पहिल्या आठवड्यात घरामागे दिवसाला नऊ, मग चाळीस, मग दीडशे. एका घराने तर कमाल केली. दिवसाला चारशे बारा. सरांनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं, पेढे नव्हते म्हणून बिस्किटं वाटली आणि वर्तनबदल या विषयावर पाऊण तास बोलले. बाई मागे उभ्या राहून मनातल्या मनात हिशोब करत होत्या. घरात माणसं तीन, त्यातला एक दिवसभर बाहेर. झोपेचे आठ तास सोडले तर दर सव्वादोन मिनिटांना कुणीतरी हात धुतंय. मग इस्त्री कोण करतंय? कारण ते घर इस्त्रीवालीचं होतं.

बाई तडक मागच्या गल्लीत गेल्या. इस्त्रीवाली साबणदाणीपुढे स्टुलावर बसली होती. डाव्या हातात धारेखाली धरलेली बाटली, उजव्या हातात उलथनं. उलथनं डोळ्यापुढून फिरवायची, थेंब बाटलीत. पुन्हा फिरवायची, पुन्हा थेंब. गाय दुहावी तशी ती भिंत दुहत होती. तिच्या मागे फळीवर चार बाटल्या भरून ठेवलेल्या.

तिने काही लपवलं नाही. साबण संपला की विद्यापीठाचा माणूस येऊन फुकट भरून जातो, भांडी चकचकीत निघतात, शर्टाच्या कॉलरीही स्वच्छ होतात. ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनाही ती बाटली देते. साऱ्या वस्तीत हेच चाललं होतं, आणि ज्या घरात निवांत माणूस जास्त त्या घराचे हात जास्त स्वच्छ. बाईंना हसू आवरेना. विद्यापीठाने कोट्यवधी हातांचं स्वप्न पाहिलं होतं आणि वस्तीने त्याचा भांडी घासायचा साबण केला होता. हसता हसता त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. पोरगी गोधडीत पडून होती. तोंड सुकलेलं. कालपासून हगवण लागलीये, इस्त्रीवाली म्हणाली. बाईंचं हसू तिथेच संपलं. काट्याने दहा किलो दाखवले. महिन्यापूर्वी साडेदहा होते. या वेळी उशीर नको म्हणून बाईंनी पोरीला कडेवर घेतलं आणि मोठ्या रस्त्यावर रिक्षा गाठून दवाखान्यात पोचवलं.

त्यांनी सरांना सगळं सांगितलं, उलथन्यासकट. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, की वापर म्हणजे वापर, लोकांनी यंत्र आपलंसं केलं हेच मोठं यश. जुलाब कमी झाले नाहीत याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. आता लोक जागरूक झालेत, म्हणून जास्त सांगतात. या युक्तिवादानुसार वस्तीतलं शेवटचं माणूस जुलाबाने गेलं असतं, तरी ती जागरूकतेची परमावधी ठरली असती.

खरा घाव पुढेच होता. नगरपालिकेने बऱ्याच वर्षांनी मागच्या गल्लीचा पाइप दुरुस्तीच्या यादीत घेतला होता. केंद्राचा अहवाल तिथे पोचला आणि इंजिनियरने पाइप यादीतून काढला. विद्यापीठच म्हणतंय की रोग हातांमुळे होतो आणि हात तर आता धुतले जातायत, मग खोदकाम कशाला? बाई पुन्हा सरांपुढे उभ्या राहिल्या. पाइपाबद्दल एक पत्र तरी द्या, म्हणाल्या.

“बाई, पाइप बदलणं ही नवकल्पना नाही,” सर म्हणाले. “पाइप कुणीही बदलेल.”

“मग कुणीच का बदलत नाही, सर?”

सरांनी समोरचा कागद पुढे केला. निधी देणाऱ्यांची समिती येणार होती. त्यांची एक अट होती, की घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्याने ‘हे आकडे मी स्वतः पाहून खरे असल्याची खात्री केली आहे’ अशी सही द्यायची, तीही समितीसमोर, वस्तीत. बाईंचे अकरा महिने त्याच महिन्यात संपत होते. सर तेवढं फक्त आठवण म्हणून बोलले. चांगली माणसं धमकी देत नाहीत, आठवण करून देतात.

घरी बाईंनी नवऱ्याला विचारलं, काय करू. तो घड्याळातून मान वर न काढता म्हणाला, की बंद घड्याळाला नवी काच लावून मागणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडेही येतात, तो लावूनही देतो, पण वेळ बरोबर आहे असं लिहून देत नाही. मग मान वर काढून म्हणाला, “तू सही केलीस काय, नाही केलीस काय, घर चालेल. पण ती पोरगी तुला रोज दिसेल, मला नाही.” बाईंना त्याचा राग आला, कारण त्यांना कुणीतरी ‘कर सही’ असं म्हटलेलं हवं होतं.

समितीत तिघं होते. अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, पायात साधे बूट, बोलणं कमी. सरांनी मुद्दाम चारशे बारावालं घर शेवटी ठेवलं होतं. इस्त्रीवालीने बाटल्या पलंगाखाली सारल्या आणि पाहुणे आले म्हणून रीतीप्रमाणे नळाच्या पाण्याचे पेले भरून टेबलावर ठेवले. तिघांनी पेल्यांकडे पाहिलं, हसून मान हलवली आणि आपापल्या पाण्याच्या बाटल्या हातातच धरल्या. सरांनी इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरला आणि बाईंपुढे पेन धरलं.

बाईंनी पेन घेतलं. मग त्यांनी एक पेला उचलून सरांपुढे धरला.

“सर, मी सही करते. आधी तुम्ही हे पाणी प्या.”

सरांनी पेल्यात पाहिलं. पाणी दिसायला स्वच्छच होतं, पण सर आरोग्याचे प्राध्यापक होते, दिसण्यावर जाण्याइतके अडाणी नव्हते. आपण घरून पिऊन निघालोय, असं काहीतरी ते पुटपुटले.

“मीही इथे कधी पीत नाही, सर,” बाई म्हणाल्या. “बावीस वर्षं घरून बाटली आणते. आपल्याला दोघांनाही माहीत आहे. ही पोरगी मात्र रोज पिते.”

अध्यक्षबाईंनी आपल्या बाटलीचं झाकण लावलं, ती पिशवीत टाकली आणि विचारलं, पाइप कुठे आहे. बाईंनी त्यांना मागे नेलं. अध्यक्षबाई गटाराकाठी बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या, फडकं गुंडाळलेल्या सांध्याकडे बघत. सर दारातच थांबले, त्यांचे बूट नवे होते. कागदावर सही झाली नाही.

समितीने लिहून कळवलं, की पाइप बदलेपर्यंत पुढचा पैसा नाही. बावीस वर्षांच्या फॉर्मांनी जे हललं नव्हतं ते एका पत्राने नऊ दिवसांत हललं. स्वतः सर नगरपालिकेत जाऊन बसले. पाइप बसला त्या दिवशी डोक्याला शिरस्त्राण घालून त्यांनी खड्ड्याशेजारी फोटो काढला, आणि पुढच्या परिषदेत ‘समुदायाच्या सहभागातून पाण्याची नवकल्पना’ या नावाखाली तो दाखवला. पाइप कुणीही बदलेल असं म्हणणारा माणूस पाइपाचा जनक झाला. अहवालात बाईंचा उल्लेख ‘स्थानिक माहितीस्रोत’ असा होता, विहीर किंवा पाणवठा यांच्याबद्दल लिहावा तसा. त्यांचे अकरा महिने संपले. एक दिवस त्या घरी बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी रुजू व्हायला गेल्या तर हजेरीपटावर त्यांची ओळ नव्हती. काटा त्यांनी टेबलावर ठेवला. पोचपावती कुणी दिली नाही.

महिनाभर त्या घरात नुसत्या चिडचिडत होत्या. मग एका सकाळी काहीच न बोलता चपला घालून वस्तीत गेल्या आणि मागच्या गल्लीच्या पहिल्या दारात उभ्या राहून नेहमीचा प्रश्न विचारला. गेल्या पंधरा दिवसांत कोणाला जुलाब? नाही. दुसऱ्या घरी नाही. पाचव्या घरातल्या म्हातारीने आठवून आठवून सांगितलं, नाही. शेवटच्या घरी पोरगी अंगणात कुणाशी तरी भांडत होती. बाईंनी तिला उचललं. काटा नसला तरी बावीस वर्षांचे हात होते. अकराच्या वर होती.

“कुणालाच नाही गं?” त्यांनी इस्त्रीवालीला विचारलं.

“कुणालाच नाही, बाई.”

मागच्या गल्लीचं उत्तर पहिल्यांदाच शून्य आलं होतं, आणि ते मागायला बाईंना कुणी पाठवलं नव्हतं, ते घ्यायलाही कुठे कुणी बसलं नव्हतं. त्या पोरीला कडेवर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. डोळे भरून आले तसे त्यांनी ते पोरीच्या झग्याला पुसले. मग तिला खाली ठेवलं, आणि चूक राहायला नको म्हणून पुन्हा पहिल्या घरापासून विचारायला सुरुवात केली.