मावशीची नवी चूल

मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनात, जेवणाच्या टेबलाशी बसून मी जगाच्या शाश्वत विकासावर बरोबरच्या खुणा करते. आता हे चेष्टेने म्हणते. तेव्हा मला त्याचा भारी अभिमान होता.

एका आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्याकडच्या खेड्यांत कमी धुराच्या चुली वाटल्या होत्या. त्या वापरात आहेत का, हे तपासायचं काम सुरुवातीपासून आमच्या कंपनीकडे होतं. प्रत्यक्ष जायचं नाही. तिकडचे पाहणीवाले फॉर्म आणि फोटो पाठवायचे, आम्ही इथे बसून तपासायचो. यादीत माझ्या मावशीचं गाव होतं. घरोघर ‘वापरात आहे’पुढे खूण, आणि एका फोटोत चुलीशेजारी मावशी, ठेवणीतली साडी नेसून. मी तो फोटो ऑफिसभर मिरवला. अहवाल सोमवारी जायचा होता, आणि तोच फोटो मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलं.

मुलीलाही शाळेत याच विषयावर बोलायचं होतं. म्हणून शनिवारी दुपारी मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे भाकरीची वेळ. मोबाईल वहिनीच्या, म्हणजे मावशीच्या सुनेच्या, हातात होता. पडद्यावर आधी नुसता धूर. मग त्यात मावशी दिसली, डोळ्यांना पदर लावून खोकणारी. समोर जुनी मातीची चूल.

“आई, दॅट्स नॉट द वन,” मुलगी म्हणाली.

नवी कुठे आहे, मी विचारलं. वहिनीने मोबाईल फडताळाकडे वळवला. वरच्या फळीवर, स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, हळदकुंकू वाहिलेली चूल. पाहणीवाले आदल्या दिवशी फोन करतात, मग खाली काढून पुसून ठेवतो, असं तिने सहज सांगितलं. गावात बहुतेक घरी असंच.

मी हादरले. फोटोतल्या चुलीला काजळीचा एक डाग नव्हता, आणि हे मला, शिकल्यासवरल्या इंजिनिअरला, दिसलं नव्हतं.

मग चिडले. पाहणीवाल्यांवर, ऑफिसवर, आणि खोटं कशाला बोलू, मावशीवरही. डॉक्टरने तिला धुरापासून लांब राहायला बजावलं होतं, असं वहिनी सांगत होती. फुकट मिळालेली वस्तू फळीवर, आणि ही बाई रोज छातीत धूर भरून घेतेय. माझा आवाज चढला.

“मावशी, वापरत का नाहीस गं?”

तिने फुंकणी बाजूला ठेवली.

“वापरली तर खराब होईल की. चुली वाटल्या तवा तूच फोनवर म्हणालीस, जपून ठेव, पाच वर्षांनी मोठे साहेब बघायला येणार. तुला हापिसात बोल लागू नये म्हणून जपली.”

मी तसं म्हणाले होते. कामाच्या घाईत, मोठ्या ऐटीत. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला मराठी बोलायला जड जातं, समजतं मात्र सगळं.

“आत्ताच्या आत्ता खाली काढ आणि पेटव,” मी म्हणाले.

“आणि साहेब आले म्हंजे?”

“साहेब कुणी येणार नाहीत, मावशी. बघणारी मीच आहे.”

ती खोकत खोकत हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करतेय.