गुरुदत्त सरांची होडी

गुरुदत्त सरांनी डोंबिवलीत जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्त होताच इतिहासाला हात घातला. चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, हे वाचून त्यांच्या अंगावर काटा आलेला. त्यावर अशी साहसकथा लिहायची, की वाचणाऱ्याची मूठ आवळली पाहिजे! स्वतः सर आयुष्यात एकदाच भांडलेले, तेही भाजीवालीशी, आणि हरलेले.

कथा झकास सुचली. अप्पांचे पाच कल्पित वीर कळव्याकडून होडीने खाडी ओलांडतात आणि किल्ल्यात शिरतात. उत्साहाच्या भरात सरांनी पहिलं प्रकरण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, आणि तिथेच घात झाला.

सकाळी काळुरामशेठ दारात. सोसायटी उभी आहे ती जमीन मूळची त्यांची.

"सर, आमचा खापरपणजा नाय घेतला होडीत? छपाईचा मी बघतो. फक्त त्याची मिशी मोठी टाका."

छपाईचं नाव निघताच सरांचा इतिहास मऊ पडला. खापरपणजोबा होडीत बसले. ते पाहून सेक्रेटरींचे पूर्वज आले, मग तिसऱ्या मजल्यावरचे, मग सेक्रेटरींच्या बायकोच्या माहेरचे. सगळे सरदार, सगळ्यांच्या कमरेला तलवार. सरांनी कुणालाच नाही म्हटलं नाही.

समोरच्या रवींद्रने मात्र काहीच मागितलं नाही. सरांनीच मोठेपणाने विचारलं, "अरे रवींद्र, तुमच्यातलंही कुणी टाकू का?"

"टाका ना सर. पण आमच्या माणसाच्या मांडीला मांडी लावून हे सरदार बसले असते का, तेवढं आधी लिहा."

"खरं आहे रे तुझं," सर म्हणाले, "पण साहसकथेत उगाच कटुता नको." आणि त्याच्याकडचा चहा संपवून घरी आले.

हस्तलिखित वाचताना बायको, वैशाली, मध्येच थांबली. "अहो, हे सगळे तलवारी घेऊन बसलेत. वल्ही कोण मारतंय?"

सरांनी ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी वाचलं, उत्तर एकाचंही नाही. काळुरामशेठच्या आजोबांची हयात याच खाडीत मासे धरण्यात गेलेली, पण फोनवर शेठही म्हणाले, "छे छे, आमच्यात कोण नव्हता तसला."

शेवटी सरांनी एक पोर्तुगीज शिपाई कैद केला आणि वल्ही त्याच्या हाती दिली. बिचारा घाम गाळत सगळ्या सरदारांना स्वतःच्याच किल्ल्यावर हल्ला करायला घेऊन गेला.

प्रकाशन ढोल-ताशांच्या गजरात झालं. प्रत्येकाने आपापल्या पूर्वजाचं पान शोधलं, फोटो काढला, पुस्तक मिटलं. पूर्ण वाचलं ते एकट्या रवींद्रने. गेटपाशी भेटल्यावर तो म्हणाला, "सर, त्या पोर्तुगीजाचं फार वाईट वाटलं मला."

सरांचा ऊर भरून आला. "म्हणजे व्यक्तिरेखा उतरली म्हण की!" म्हणत त्यांनी खालूनच वैशालीला हाक मारली.