रीनाच्या दाताची प्लेट

पंचफुलाबाई आता हासत हासत कबूल करते का, सून घरी आली तवा तिनं तिले पयले घमेंडी समजली आन् मंग बोळकी.

घमेंडी अशासाठी, का रातचं जेवण झालं का रीनाच्या तोंडाले कुलूप. काही विचारलं तं नुसती मुंडी हालवे. पंचफुलाबाईनं पोराले, धर्मेंद्रले, विचारलं, "तुही बायको जेवल्यावर माह्याशी काहून बोलत नाई? मी काय तिच्या ताटातलं खाल्लं?" धर्मेंद्र म्हणे, "तिले झोप येते." हा पोरगा खोटं बोलाले लहानपणापासूनच कच्चा.

आन् बोळकी अशासाठी, का चौथ्या दिवशी सकाळी मोरीवरच्या पेल्यात पाण्याखाली एक गुलाबी टाळू दिसली. समोरून तार. पंचफुलाबाई तिथंच खाली बसली. सव्वीस वर्षाची नवरी, चहासंग टोस्ट कुरुमकुरुम खाते, आन् हिले कवळी? सिहोऱ्यासारख्या लहान गावात कोणापाशी बोलाचीबी सोय नाई.

दुसरी सासू असती तं भांडली असती. हिले दया आली. बाईनं वीस वर्षं तुमसरच्या राइस मिलमंदी उकडलेलं धान वाळवलं. तवापासून तिचा हिशेब एकच, वस्तू उकडली का किडा मरते आन् वस्तू टिकते. तिनं गंजात पाणी खळखळ उकळलं आन् कवळी त्यात सोडली. वीस मिनिटानं काढली तं ती तळलेल्या पापडावाणी वाकडी.

रीना आंघोळ करून आली. गंजाकडं पायलं, सासूकडं पायलं.

"आई, हे काय केलं?"

"किडे मारले. कवळी तुही, पण घर तं आपलं दोघीचं हाय ना."

"कवळी नाई आई, प्लेट होय. दात माहेच हायेत. वढून पाहा."

पंचफुलाबाईनं खरंच एक दात वढून पायला. हालला नाई.

मंग रीनानं सारं सांगितलं. लहानपणी तिचे वरचे दात असे पुढं, का ओठ मिटले तरी ते बाहेर हजर. वरचे-खालचे दात भेटतच नोहते. दातानं साधा धागा तुटत नोहता. मोठ्या भावाचं, संघपालचंबी तेच. दोघायले एकाच साली तार लागली, दर महिन्याले माहेरच्या नाकाडोंगरीवरून भंडाऱ्याले चकरा. तार निघाली तवा डॉक्टरीणबाईनं दोघायले एकेक प्लेट देली. म्हणे, दात लय जिद्दी, जुन्या जागेवर जायले पाहतात, रोज रातच्याले लावाची. रीनानं दहा वर्षं लावली. संघपालची सहा महिन्यात कुठं गेली ते त्याले अजून समजलं नाई. आता त्याचे दात रुसलेल्या भाऊबंदावाणी तोंडं फिरवून उभे.

"पण सांगाचं नाई का, पोरी?"

"प्लेट लावली का 'सासू' म्हणता येत नाई, 'थाथू' निघते. नव्या घरी कोणत्या तोंडानं बोलू?"

मंगळवारी दोघी भंडाऱ्याले गेल्या. वाकडी प्लेट स्टीलच्या डब्यात, डबा पंचफुलाबाईच्या मांडीवर. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "हे उकडलं कोणी?" पंचफुलाबाई खिडकीबाहेर पाहू लागली. नवं माप घेतलं, आठ दिवस लागन म्हणे. दहा वर्षं नेमानं लावली म्हणून दात एकाएकी पळत नाई, पण जास्त दिवस मोकळे ठेवू नका.

पंचफुलाबाईनं त्यातलं 'पळत' एवढंच ऐकलं. रोज सकाळी सुनेले दारात उजेडात उभी करे.

"हा जरासा सरकला."

"आई, तो तसाच हाय."

"काल नोहता तसा."

बाईचं जेवण कमी झालं. आपल्या हातानं पोरीचे दहा वर्षं उकडून टाकले, हेच डोक्यात.

पाचव्या दिवशी संघपाल आला. सारं ऐकून त्याले लय मजा आली. "झालं. आता तू माह्यासारखी. मी तं म्हणतच होतो, दात आपल्या घरी वापस येतेच. दहा वर्षं फुकट तोंड बंद ठेवलं." चहा गाळता गाळता पंचफुलाबाईचा हात थांबला.

रीना साडीले फॉल लावून राहिली होती. तिनं रिळाचा धागा त्याच्यासमोर धरला. "तोड, दादा."

संघपालनं समोरच्या दातानं पायलं, मंग बाजूच्या, मंग मान वाकडी करून दाढेनं. उसाचं टिपरू चघळल्यावाणी चघळला. धागा निघाला ओलाचिंब, केसाळ, पण अख्खा. रीनानं त्याचंच कोरडं टोक समोरच्या दातात धरलं. कट. दोन तुकडे.

पंचफुलाबाईनं दोन्ही तुकडे उजेडात धरून पायले आन् पाच दिवसानं पोटभर हासली.

"मी चघळून नरम केला म्हणून तुटला," संघपाल म्हणे.

रीनानं अख्खं रीळच पुढं केलं. "मंग नवा घे."

संघपालनं रिळाकडं पायलं, मंग कप उचलला. "चहा थंडा होऊन राहिला."

"पी, दादा," रीना म्हणे. "चहाले दात लागत नाई."